फाळक्यावरचं नाव

ऊस भरला की शेळगावच्या रतनच्या ट्रॉलीचा एक्सल वाकायचा. शेवटी तो जळोचीला माधवसाहेबांकडं सल्ला विचारायला आला. साहेब मेकॅनिकल इंजिनिअर. त्यांनी मापं घेतली, हिशेब केला, चांगल्या पोलादाचा जाड एक्सल सुचवला आणि बजावलं, "भार मात्र आहे तेवढाच ठेवायचा."

ऐन हंगामात रतन पेढे घेऊन दारात हजर.

"साहेब, एक्सल जरा बी वाकला न्हाय! आता दीडपट ऊस भरतो, बिनघोर. टायर दबत्यात, ब्रेक लागायला जरा येळ लागतो, पण एक्सल ढिम्म! मागच्या फाळक्यावर तुमचंच नाव टाकलंय बगा, मोठ्या अक्षरांत."

साहेबांनी बोलायला तोंड उघडलं. रतननं प्रेमानं त्यात पेढा कोंबला. साहेबांनी तो गिळला, आणि बोलायचं होतं तेही.

संध्याकाळी त्यांची मुलगी श्रिया स्कूटीची किल्ली घेऊन निघाली, तेव्हा ते तिच्यामागं फाटकापर्यंत गेले.

"रस्त्यात उसाची एक ट्रॉली दिसेल, तिच्या जवळपाससुद्धा जाऊ नकोस."

"कुठली, बाबा?"



"जिच्यावर माझं नाव आहे, ती."