आकडा होईस्तोवर

८५९७ नं भाग लावला. वर आले ८६००, खाली बाकी उरली ४९३३. चांगदेव गुरुजींनी पेन्सिल खाली ठेवली. झालं. पुढच्या भाजकाचा वर्गच आकड्यापेक्षा मोठा भरत होता, म्हणजे आता भाग लावायला काही उरलंच नव्हतं.

आकडा ७३९३९१३३. मूळ संख्या, एक आणि ती स्वतः सोडली, तर कशानंच भाग न जाणारी. आणि गंमत अशी, की उजवीकडचा शेवटचा अंक पुसला तरी उरते ती मूळच. पुन्हा पुसा, पुन्हा मूळ. पुसत पुसत शेवटी एकटा सात उरतो, तर तोही मूळ. हे गुरुजींनी मासिकात वाचलं होतं. पण 'ताळा केल्याशिवाय उत्तराखाली रेघ मारायची नाही' म्हणून चाळीस वर्षं पोरांना दामटलेला माणूस छापलेल्यावर कशाला विसंबतोय! धाकट्या संख्या त्यांनी आधीच उरकल्या. मग या थोरलीसाठी शाळेतले जुने कोरे हजेरीपट काढले आणि दोनपासून एकेका मूळ संख्येनं भागायला सुरुवात केली. सगळे मिळून एक हजार सत्तर भागाकार.

त्यांची बायको झुंबरबाई तेव्हाच येडगावहून पिंपरीला निघाल्या होत्या, लेकीच्या बाळंतपणाला. पिशवी भरता भरता म्हणाल्या, "तुमचा आकडा होईस्तोवर मी येते बघा." शाळेची पायरी न चढलेली बाई, पण दिवसाला दहा म्हणजे साडेतीन महिने, हा हिशेब तिनं बरोब्बर केला होता.

तिसरा महिना सरता सरता नातवाला ताप आला. मग लेकीची, नूतनची नोकरी परत सुरू झाली. मग काय, बाळाला आजीशिवाय करमेना. गुरुजींनी दिवसाच्या दहा भागाकारांचे पाच केले, पाचाचा एक. अलीकडे तर एकच भागाकार ते दोन दिवस पुरवत होते, बरणीतल्या शेवटच्या लोणच्यासारखा. नातू आता पावलं टाकायला लागला होता.

चार वाजता फोन वाजला. रोजचाच.

"चहा घेतला का?" झुंबरबाईंनी विचारलं.

"घेतला." घेतला नव्हता.

"आन् भाग? गेला का भाग?"

गुरुजींनी ४९३३ कडे पाहिलं. सांगून टाकावं असं फार वाटलं त्यांना. हे ऐकून खरोखर खूश होईल असं दुसरं माणूस त्यांना नव्हतं.

"अजून चाललंय," ते म्हणाले.

"लई हळू झालं बाई तुमचं." ती हसली. मागं नातू भांडं आपटत होता. "बरं हाय. म्हंजी मी अजून वेळंत हाय."

"आहेस की. घाई करू नकोस."

गुरुजींनी फोन ठेवला. तसं खोटं नव्हतंच ते. ताळा राहिला होता. ४९३३ खाली त्यांनी रेघ मारली नाही.

फळीवरून नवा हजेरीपट काढला, पेन्सिलीला टोक केलं. आकडा मांडला आणि डावीकडे भाजक लिहिला, दोन. वर आले ३६९६९५६६, बाकी उरली एक. आजच्यापुरतं एवढं पुरे, असं म्हणून त्यांनी वही मिटली.