डॉन एवारिस्तोची दुभाषेगिरी

"फ्राइंग पॅन," डॉन एवारिस्तो इंग्रजीत म्हणाला, आणि पुठ्ठ्याच्या पलीकडे त्याच्या बायकोनं कोंबडीचं चित्र उचललं.

ही चौथी चूक होती. टेबलाच्या मधोमध पुठ्ठा उभा केलेला. एवारिस्तोपुढे एका वेळी एक चित्र, ओब्दुलियापुढे दहाच्या दहा. त्यानं हातवारे न करता आपलं चित्र शब्दांत सांगायचं आणि तिनं ते ओळखून उचलायचं. वाचा-उपचार करणारी, त्याला मानानं 'डॉन' म्हणणारी यादिरा बाजूला बसून वहीत फुल्या मारत होती. बघणाऱ्याला पोरखेळ वाटला असता, पण एवारिस्तोचा जीव टांगणीला लागला होता.

तीन महिन्यांपूर्वी मेंदूत रक्ताची गुठळी झाली आणि त्याची स्पॅनिश गेली. कानाला सगळी कळायची, तोंडून मात्र एक शब्द निघेना. आईच्या मांडीवर शिकलेली भाषा पार पुसली गेली आणि सॅन अँटोनिओतल्या लिफ्ट दुरुस्त करता करता शिकलेली इंग्रजी तेवढी उरली. तीही तुटक. यादिरा रोज दोन्ही भाषांतून त्याच्या मागे लागायची. तव्याचं चित्र दाखवलं की त्याला तवा दिसायचा, त्यावर फुगणारी टॉर्टियाही दिसायची. स्पॅनिश शब्द सांगायला तो मोठ्या उमेदीनं तोंड उघडायचा आणि लिफ्टवाल्या इंग्रजीत म्हणायचा, "पाचवा मजला. दार सांभाळा."

आणि ओब्दुलियाला इंग्रजीचं ओ की ठो कळत नाही, हे तर घरादाराला ठाऊक होतं. लग्न होऊन सीमेपलीकडच्या मॉन्टेरेहून इथं आली त्याला एक्केचाळीस वर्षं झाली. तेवढी वर्षं एवारिस्तो तिचा दुभाषा होता. डॉक्टरकडे तो, शाळेतल्या पालकसभेला तो, पडद्याचं कापड घ्यायलाही तोच. दर रविवारी मित्र गळ टाकून तळ्याकाठी बसायचे आणि हा बायकोच्या मागे पिशव्या धरून "ती विचारतेय, याचा रंग जाईल का?" असं दुकानदाराला विचारत फिरायचा. कुरकुर तर रोजच करायचा. मनातून मात्र त्याला ऐटही वाटायची, कारण त्याच्यावाचून बाईचं पान हलत नव्हतं.

आता सगळंच उलटं झालं होतं. नवराबायको एका छताखाली, पण बोलायचं कसं?

खिडकीशी मुलगा उभा होता, रोलांदो. पोरगा वाईट नव्हता, काळजीनं अर्धा झाला होता. बाबा घरात पडले आणि इंग्रजीत हाका मारू लागले तर आई काय करणार, हा त्याचा प्रश्न होता. म्हणून आजची ही परीक्षा. दहापैकी सहा चित्रं जमली तर म्हातारा-म्हातारी आपल्या घरी राहतील. नाहीतर बाबा त्याच्याबरोबर डेन्व्हरला, आई मावशीकडे मॉन्टेरेला.

पाचवं चित्र शिडीचं होतं. एवारिस्तोनं 'शिडी' म्हटलं, 'चढायची ती' म्हटलं, 'वर, वर' असंही म्हणून पाहिलं. ओब्दुलियानं सगळ्या चित्रांवरून हात फिरवला आणि लिंबू उचललं.

"बस झालं," रोलांदो म्हणाला. "शनिवारी निघू. बाबा माझ्याबरोबर, आई मावशीकडे."

एवारिस्तो यादिराकडे वळला. इंग्रजीतला एकेक शब्द त्यानं ओढून काढला. "सांग तिला. डेन्व्हर नको. ती पाहिजे. भात... करपवते. तरी तीच."

यादिराचे डोळे भरले. ते स्पॅनिशमध्ये सांगायला तिनं तोंड उघडलं.

"राहू दे गं," ओब्दुलिया म्हणाली. "आणि भात करपतो तो मी याचं ऐकत उभी राहते म्हणून! तासतासभर फोनवर भावाशी इंग्रजीत माझ्या आईची निंदा चाललेली असते ना."

हे सगळं ती इंग्रजीत म्हणाली. घडाघडा, कुठेही न अडखळता.

रोलांदोनं आ वासला. एवारिस्तोच्या डोळ्यांपुढून एक्केचाळीस वर्षांचे फोन सरकले. सासूच्या मिशा, सासूचं घोरणं, सासूला दिलेली टोपणनावं. त्याचे डोळे पांढरे झाले आणि तोंडून एक सणसणीत शिवी निघाली, अस्सल स्पॅनिश. तीन महिन्यांतला हा पहिलाच स्पॅनिश शब्द. यादिरानं आनंदानं पेन उचललं आणि अहवालात हे कसं लिहावं म्हणून तसंच खाली ठेवलं.

"आई, तुला इंग्रजी येतं? कधीपासून?"

"तू पोटात होतास तेव्हापासून. चर्चच्या हॉलमध्ये बायकांचा वर्ग भरायचा, तुझे बाबा कामावर गेले की." तिनं तवा आणि शिडी शोधून पुठ्ठ्यावरून पलीकडे टाकली. "शनिवारी कोणी कुठे जात नाही. यादिरा, लाव पहिल्यापासून. दहाच्या दहा देते."

एवारिस्तो मात्र लालबुंद झाला होता. एक्केचाळीस वर्षं आपल्याला खुळ्यासारखं नाचवलं! त्यानं पुठ्ठा हातानं आडवा पाडला. "का?" तो इंग्रजीत ओरडला. "दुकान... मी. डॉक्टर... मी. दर रविवार... मी! का?"

ओब्दुलियानं पदराआड लपवावं तसं हसू ओठांत दाबलं आणि पुढे वाकून त्याच्या कपाळावरचा घाम टिपला.

"अरे म्हाताऱ्या, मला इंग्रजी येतं हे तुला कळलं असतं, तर तू माझ्याबरोबर एकदा तरी बाहेर पडला असतास का?"