कोटाच्या अस्तरात

झागिपाचा कोट खुर्चीवरून घसरला. बेइबितने तो वाकून उचलला आणि त्याचा चेहरा बदलला.

तोपर्यंत अर्धा तास मजेत गेला होता. अल्माटीच्या बाजारामागच्या या खानावळीत दुपारी कुणालाच स्वतंत्र टेबल मिळत नाही. रिकामी खुर्ची दिसेल तिथे बसायचं. झागिपा त्यासाठीच इथे यायची. आज तिच्यासमोर हा ट्रकवाला बेइबित बसला होता, झारकेंतहून कांदे घेऊन आलेला. ‘तू कुणाचा रे?’ असं तिने विचारल्यावर त्याने रीतीप्रमाणे बापापासून मागे सात पिढ्यांची नावं सांगितली, लगमानच्या शेवया खाता खाता, कुठेही न अडखळता. मग सासऱ्याची तक्रार केली. धाकट्या मुलीने शेळीला लिपस्टिक लावल्याचं सांगितलं. झागिपा इतकी हसली की तिला चष्मा काढावा लागला.

आता तो एकेक शब्द सुटा करून मोठ्याने म्हणाला, “आपा, तुमचं घर कुठे आहे, आठवतं का?”

झागिपाने मागे वळून पाहिलं. तो कुणाशी बोलतोय ते तिला कळेना.

बेइबितने कोट उलटा करून धरला होता. आतल्या अस्तराला पांढरी पट्टी शिवलेली होती. तिच्यावर झागिपाचं नाव, मुलाचा फोन नंबर आणि खाली एक ओळ: ‘आजींना लक्षात राहत नाही. आढळल्यास कळवावे.’

टाके बारीक आणि सारख्या अंतराचे होते. सुनेचे. झागिपाने ते लगेच ओळखले.

“घाबरू नका हं,” बेइबित म्हणाला. त्याने फोन लावलासुद्धा होता. मग तिच्यापुढचा गरम चहाचा वाडगा उचलून तिच्या हाताला लागणार नाही इतका लांब ठेवला.

तिच्या मुलाचं, अस्कातचं, ऑफिस दोन रस्ते पलीकडे होतं. दहा मिनिटांत तो धापा टाकत आला. आधी त्याने बेइबितचा हात दोन्ही हातांत धरून आभार मानले. नंतर आईकडे पाहिलं.

“चल आई. गाडी आणलीय.”

“मी काय कुणाची विसरलेली छत्री आहे?” झागिपा म्हणाली. “आढळल्यास कळवावे!”

“हळू बोल. लोक बघतायत.”

“बघू देत. मला काय लक्षात राहत नाही, ते सांग.”

“या महिन्यात तीनदा बसच्या शेवटच्या थांब्यावरून फोन केलास. तीनदा, आई! आपला थांबा सोडून अकरा थांबे पुढे.”

“उशीर होईल हे कळवायला केला. चुकले म्हणून नाही. एक बाई मधमाश्यांबद्दल सांगत होती. राणीमाशी मेली की पोळ्यात काय काय होतं ते. अर्ध्यात उतरू?”

“अनोळखी बाई!”

“आधी होती. अकरा थांब्यांनंतर नव्हती.”

शेजारच्या टेबलावरचं कुणीतरी हसलं. अस्कातचे कान लाल झाले. “या वयात माणसं अशी कुणाच्याही गळ्यात पडत नाहीत,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “काहीतरी बिघडल्याशिवाय नाही. आम्हाला काळजी वाटते.”

“डॉक्टरांना दाखवलंस मला? एखादी तपासणी? नाही ना? मग लिहिलंस कशाच्या आधारावर?”

अस्कातने गाडीची किल्ली या हातातून त्या हातात घेतली.

“बरं. तुझ्या सात पिढ्या सांग.”

“आई, हे काय आता...”

“सांग ना. लक्षात राहण्याचीच गोष्ट चाललीय.”

अस्कातने बापाचं नाव घेतलं. आज्याचं घेतलं. पणज्यापाशी जरा थांबला. खापरपणज्यापाशी त्याने छताकडे पाहिलं.

“तुझ्या पुढच्या चार मी सांगू शकते,” झागिपा म्हणाली, “पण ते घरचंच पाठांतर झालं. या बेइबितला मी पाऊण तासापूर्वी पहिल्यांदा पाहिलं.” तिने टेबलावर बोट टेकवलं. “याचा बाप सेरिक. सेरिकचा ओमार. ओमारचा झुनुस. झुनुसचा कासेन. कासेनचा बायमुरात, बायमुरातचा तोकेश, तोकेशचा एसिरकेप. सासरा गुडघे दुखतात म्हणून शेतावर येत नाही आणि लग्नात नाचतो. शेळी पांढरी आहे. काही चुकलं का रे?”

“नाही, आपा,” बेइबित म्हणाला. तो मान खाली घालून उभा होता. कोट अजून त्याच्या हातात होता. त्याने खिशातून छोटा चाकू काढला, टाके एकेक करून उसवले आणि पट्टी अस्कातपुढे धरली. अस्कातने ती घेतली नाही. मग बेइबितने ती उष्ट्या ताटात ठेवली.

झागिपाने हात लांब करून आपला वाडगा ओढून घेतला. चहा निवला होता. तरी तिने तो प्यायला.

“निघतो मी,” बेइबित म्हणाला. “रस्ता लांब आहे. आशीर्वाद द्या, आपा.”

“लक्षात न राहणाऱ्या बाईचा आशीर्वाद कशाला हवा तुला?”

“द्या,” तो म्हणाला आणि त्याने दोन्ही तळवे छातीपुढे उघडे धरले.

शेजारच्या टेबलावरच्यांनी चमचे खाली ठेवले आणि तळवे उघडले. तिकडे ताटं उचलणारी बाई थांबली, तिने हात एप्रनला पुसले आणि पुढे धरले. वडीलधारं माणूस आशीर्वाद देत असताना कुणी हात मोकळे सोडत नाही.

अस्कातचे हात कोटाच्या खिशात होते.

झागिपाने तळवे वर केले, पण आशीर्वाद सुरू केला नाही. मुलाकडे बघत राहिली. सगळी खानावळ ताटकळली. त्याच्या एका खिशातून हात बाहेर आला. मग दुसरा. कमरेपाशी त्याने ते जेमतेम उघडले.

“अजून वर,” ती म्हणाली.