ॲसिटोनचं टेंगूळ

त्या मुलीच्या पत्राला उत्तर द्यायचं राहूनच गेलं होतं. धुणेकाकांना ते आठवलं बायकोच्या डोळ्यांत थेंब घालताना. थेंब पडला तसे ते सवयीने मागे सरकले. पण ती ओरडली नाही, की तिने त्यांचा हातही झटकला नाही.

"अहो, पडला का?"

"पडला की."

"मग झोंबला कसा नाही?"

हे औषध म्हणजे आजवर डोळ्यांत तिखट होतं. काकांची नजर चुकवून ती थेंब बेसिनमध्ये टाकायची. डोळ्यांतला दाब असाच राहिला तर दृष्टी जाईल आणि गेलेली परत येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आता औषध तेच, बाटली नवी, आणि झोंबणं गायब.

औषध काकांच्या ओळखीचं होतं. नोकरीत असताना त्यांनीच ते पाण्यात विरघळवून, काचेच्या बारीक नळीत भरून यंत्रात ठेवलं होतं. द्रावणात रेणू कोणत्या रूपात वावरतात, ते यंत्र आलेखावर दाखवी. काकांना मोठा उंचवटा मिळाला, आणि त्याच्या शेजारी एक बारकंसं टेंगूळ. नळ्या ॲसिटोनने धुतात. जरासं मागे राहिलं तरी तेही आलेखात डोकावतं. काकांनी नळी धुतली, वाळवली, पुन्हा धुतली. त्यावरूनच तर त्यांना धुणेकाका हे नाव पडलं. टेंगूळ काही जाईना. शेवटी आपल्या लेखात त्यांनी आलेखाखाली छापून टाकलं: ॲसिटोन.

तो लेख वाचून त्या मुलीचं पत्र आलं. ती दुसऱ्या एका प्रयोगशाळेत नुकतीच लागली होती. 'हे औषधाचंच दुसरं रूप तर नसेल? तुमचा या कामात हात बसलेला आहे. तुम्ही खात्रीने ॲसिटोन म्हणालात, तर मी हा नाद सोडते.'

काकांनी लगेच उत्तर लिहिलं: 'ॲसिटोनच आहे. वेळ दवडू नका.' पाकीट चिकटवलं. पण टपालपेटीपाशी हात अडला. आणखी एकदा नळी धुऊन बघू, मग टाकू. आज-उद्या करता करता पाकीट खणात गेलं आणि काका निवृत्त झाले. एका पोरीला साधं उत्तर द्यायची आपली छाती झाली नाही, हे शल्य मात्र त्यांच्याबरोबर घरी आलं.

थेंब घालून झाल्यावर, तो झोंबला का नाही ते शोधायला काका वाचनालयात गेले. बरीच नियतकालिकं चाळल्यावर त्या पत्रवाल्या मुलीचा लेख सापडला. उत्तराची वाट पाहून पाहून तिने शेवटी स्वतःच द्रावणात थोडं आम्ल मिसळलं होतं. टेंगूळ वाढत गेलं. ॲसिटोन असतं तर ते होतं तेवढंच राहिलं असतं. ते औषधाचंच दुसरं रूप होतं, आणि डोळ्यांना झोंबायचं ते नेमकं तेच. नव्या बाटलीतलं द्रावण असं बनवलं होतं, की त्या रूपाला थाराच मिळू नये. लेखाच्या शेवटी तिने आभार मानले होते. पहिलं नाव काकांचं होतं: ज्यांच्या आलेखात हे प्रथम दिसलं ते. काकांना चष्मा पुसावा लागला.

वर्षभर नवे थेंब न चुकता पडले, दाब उतरल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, आणि त्या दिवशी घरी येऊन काका पत्र लिहायला बसले. लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं. अखेर एवढंच उरलं: 'ॲसिटोन नव्हतं. माझ्या बायकोची नजर शाबूत आहे. तुमचे उपकार विसरणार नाही.' काकांचं अक्षर म्हणजे मुंगीचे पाय, म्हणून पत्ता बायकोने लिहिला. सावकाश, पण ओळ न सोडता.

दोघं कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत चालत गेली.

"एक उत्तर टाकायला इतकी वर्षं!" ती म्हणाली. "धन्य आहे हो तुमची. तेव्हाच टाकलं असतंत तर?"

काकांनी पाकीट पेटीत सोडलं. ते तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत ते थांबले.

"तेव्हा टाकलं असतं," ते म्हणाले, "तर आज हा पत्ता तुला लिहिता आला नसता."