डावीकडे कललेला चार

बेल्जियममधल्या लिएज शहरातले सकाळचे ऊन संथ असते. आमच्या दुकानाच्या दारावरील पितळी '७४' या क्रमांकावर ते बराच वेळ रेंगाळले, आणि मग काचेतून माझ्या मेजावरच्या जुन्या रिव्हॉल्व्हरवर उतरले.

सांगाडा, नळी आणि गोळ्यांचे चक्र, तिन्हींवर मूळचा एकच क्रमांक असेल तरच ते अस्सल. वृद्ध संग्राहक लांबिनों अस्सलपणाच्या दाखल्यावर माझ्या सहीसाठी थांबले होते. "तुझी नजर फसत नाही, म्हणून आलो, पोरा."

"अंडं उबवतोयस का, गास्पार? कर सही," दार अडवून उभे असलेले बाबा हसले. विकणारे तेच होते.

मी पुन्हा भिंग धरले. धातूवर ठोकून उमटवलेले क्रमांक जुळत होते. फक्त चक्रावरचा चार किंचित डावीकडे कलला होता.



दारावरचा चारसुद्धा तसाच कललेला आहे, आणि तो बाबांनी स्वतःच्या हाताने ठोकला आहे.