क्लिमेची नवी रेकॉर्ड

शेवटचं गाणं संपलं आणि ओग्नेनने चष्मा काढून पुसायला घेतला. क्लिमेने तेवढ्यावरूनच ओळखलं. कौतुक करायचं असलं की माणूस चष्मा पुसत बसत नाही.

“बोला की साहेब! अजून किती पुसणार?”

ओग्नेन राजधानीहून, स्कोप्येहून, मुद्दाम आला होता. रेडिओवर नव्या गाण्यांचा बरावाईट निकाल तोच लावतो. त्याने नाक मुरडलं की दुकानदार रेकॉर्ड मागच्या फळीवर टाकतात. पण माणूस वाईट नाही. क्लिमेच्या पहिल्या रेकॉर्डवर तो लहानाचा मोठा झाला होता. म्हणूनच बिचाऱ्याला तोंड उघडवत नव्हतं.

“खरं सांगू, क्लिमेकाका? तुमच्या पहिल्या रेकॉर्डमध्ये आग होती. एकेक ओळ अंगावर यायची. आणि हिच्यात? मिठाची बरणी कुठे ठेवलीस, खिडकी लावलीस का, शेजारीण काय म्हणत होती... सगळ्या गाण्यांत हेच! ही काय गाणी झाली? हे तर घरातलं बोलणं झालं.”

“आणि आवाज?”

“आवाज थकलाय. ते चालतं. पण थकलेल्या आवाजालाही काहीतरी सांगायचं असावं लागतं ना?”

“मिरच्या घ्या,” क्लिमे हसून म्हणाला. “त्या तरी ताज्या आहेत.”

द्राक्षाच्या मांडवाखाली तिघं बसले होते. मिरच्या भाजायचे दिवस; सगळ्या बितोला गावात तोच वास. ओग्नेनचं बोलणं क्लिमेला लागलं, लागलं नाही असं नाही. पण त्याचा जीव टांगणीला लागला होता तो मेतोदीपायी.

मेतोदी म्हणजे त्याचा मेहुणा, बायकोचा, रात्काचा धाकटा भाऊ. पहिल्या रेकॉर्डवर अकॉर्डियन त्यानेच वाजवलं होतं. त्यानंतर त्याच्या पसंतीशिवाय क्लिमेचं एकही गाणं घराबाहेर पडलं नाही. मधली एक रेकॉर्ड तर त्याने “दाजी, ही बकऱ्यांना ऐकवू नका, दूध आटेल त्यांचं” असं म्हणून घरातच बसवली होती. दोन वर्षांपूर्वी रात्का गेली आणि त्याची थट्टामस्करीही गेली.

क्लिमेने मनाशी ठरवलं होतं. मेतोदी हो म्हणाला तर रेकॉर्ड काढायची. नाही म्हणाला तर सगळं पुसून टाकायचं आणि पुन्हा गिटारला हात लावायचा नाही. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला यापुढे तिसरी वाट नसते.

“तू बोल रे. का तुझीही दातखीळ बसली?”

मेतोदीने तिन्ही पेल्यांत रकिया, घरची द्राक्षाची दारू, ओतली आणि आपला पेला उचलला. क्लिमेनेही उचलला, भिडवायला पुढे केला. मेतोदीने पेला भिडवला नाही. चार थेंब जमिनीवर सांडले आणि उरलेली एका घोटात पिऊन टाकली.

क्लिमेचा हात हवेत तसाच राहिला. ओग्नेनने मान खाली घातली. आमच्याकडे पेला भिडवतात तो जिवंत माणसांसाठी. न भिडवता, जमिनीवर सांडून पितात ते फक्त मेलेल्यांसाठी.

“असं होय!” क्लिमे लालबुंद झाला. “मेली म्हणायची माझी गाणी! अरे, तोंडाने सांगायचं होतंस. परक्या माणसासमोर मूठमाती कशाला दिलीस? थांब, आत्ताच्या आत्ता स्टुडिओला फोन करतो. पुसून टाका म्हणतो सगळं!”

“बसा, दाजी.”

“नाही बसत!”

“बसा म्हणतो ना! गाणी नाही मेली. ताई मेली.”

क्लिमे फोन हातात धरून उभा राहिला.

“तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला तुम्ही प्रत्येकाशी पेला भिडवलात. पाद्रीबाबांशीसुद्धा! लोक एकमेकांकडे बघायला लागले. वर्षाच्या जेवणालाही तेच. तुमचं मन मोडू नये म्हणून मीही भिडवला.” मेतोदीने रिकामा पेला खाली ठेवला. “आज नाही जमलं. ताई कशावरून तणतणायची, काय विसरायची, सगळं आहे हो यात. तिलाच विचारताय तुम्ही, आणि ती उत्तर देत नाही. दोन वर्षांत डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं मी. आज कळलं, आपली ताई गेली.”

तो ढसाढसा रडला. साठीचा माणूस, लहान पोरासारखा. ओग्नेनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“काका, मला पुन्हा ऐकू द्या,” तो म्हणाला. “ही गाणी कुणाशी बोलतायत, हे माझ्या लक्षातच आलं नाही. चुकलं माझं.”

“काढा ही रेकॉर्ड, दाजी,” मेतोदी नाक पुसत म्हणाला. “पहिलीपेक्षा चांगली आहे. आईशप्पथ सांगतो. पहिली हिच्या पासंगालाही पुरत नाही.”

हे ऐकायला क्लिमेने दोन वर्षं घालवली होती. तो खाली बसला. पण त्याच्या चेहऱ्यावर आनंद काही दिसेना.

“नाही रे, मेतोदी. हे साहेब म्हणतात तेच खरं,” तो म्हणाला. “पहिली रेडिओवर लागली, तेव्हा तुझ्या ताईचं लग्न प्रिलेपच्या त्या तंबाखूवाल्याशी ठरलं होतं. आठवतं ना? तिने ऐकली आणि अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी या फाटकात उभी!”

मेतोदीने मान हलवली.

“ही मी महिनाभर दार उघडं टाकून वाजवतोय. नाही आली ती.”