गुपचूप द्यायचं औषध

"हळू बोला मॅडम! पारडीला जंत झालेत हे गावात कळलं तर आमच्या म्हशीचं दूध कोण घेईल?" संपतअण्णांनी गोठ्याचं दार लोटून घेतलं.

म्हशीच्या त्या पिल्लाचं पोट डेऱ्यासारखं फुगलं होतं, शेपूट हगवणीनं माखलं होतं आणि उभं राहताना पाय लटपटत होते.

"अहो अण्णा, आठवडाभर चावडीपुढं फुकट औषध घेऊन बसलेय! भोंगा लावून ओरडले. एक वासरू आलं नाही. आणखी उशीर केला असतात तर ही जगली नसती!" जनावरांच्या डॉक्टरीणबाई कडाडल्या.

"फुकटचं औषध कसलं असतंय?" अण्णा म्हणाले.

कपाळाला हात लावून बाईंनी पारडीला औषध पाजलं, बाटली पिशवीत दडवली आणि मागच्या दारानं निघाल्या. तिथं शेजारीण उभीच होती.

"अण्णांना चोरून काय दिलंत? आमचं वासरू मेलं तरी चालेल होय?"

बाई थबकल्या. मग तिच्या कानाशी कुजबुजल्या, "संध्याकाळी दवाखान्यामागं या. कुणाला सांगू नका."

दिवस कलला तेव्हा दवाखान्यामागं वासरांनी पाय ठेवायला जागा ठेवली नव्हती. सगळ्यांच्या पुढं अण्णा, पारडी कवेत घेऊन. "मॅडम, सकाळी दिलंत ते नको. ह्यांना देताय त्यातलं द्या."